पेठहून परत न येणारा अंक

कॉम्प्युटरवर मी सगळ्यात आधी टाइप केली ती मेलेल्या माणसांची नावं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई काहीतरी रचून सांगतेय. मला रचता येत नाही, आणि येत असतं तर याहून बरं काही रचलं असतं.

नाशकात रविवार कारंज्याजवळ एका माडीवर मासिकाची कचेरी होती, तिथे मी कामाला होते. खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शिक्षकांसाठी निघणारं जुनं मासिक. बहुतेक मास्तर त्याचे आजीव वर्गणीदार. एकदा पैसे भरले की जन्मभर अंक घरपोच. पत्त्यांची कार्डं लाकडी खणांत असायची. एक खण चालू वर्गणीदारांचा, एक बंद झालेल्यांचा. आजीव वर्गणी बंद होते म्हणजे कशी बंद होते, हे काही सांगायला नको. दर महिन्याला मी आणि रॅपर करणाऱ्या बाई मिळून सगळे पत्ते हातानं लिहायचो. बोटं आखडायची, शाईनं पदर खराब व्हायचा, आणि एवढं करून एखाद्या मास्तरांचं रागाचं कार्ड यायचंच की आमचा पिनकोड चुकला.

मग ऐंशीचं दशक निम्मं सरल्यावर संपादकांनी कॉम्प्युटर घेतला. आमच्या आळीत पहिलाच. बघायला माणसं जिना चढून यायची आणि दाराशी चपला काढून उभी राहायची. यंत्राला धूळ चालत नाही, असं विकणाऱ्या कंपनीच्या माणसानं बजावलं होतं, त्यामुळे त्या खोलीत आम्ही देवघरात वावरावं तसं अनवाणी वावरत होतो. कंपनीच्या माणसानं मला शिकवलं. नाव, गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, प्रत्येकाची जागा ठरलेली. सगळं इंग्रजी मोठ्या अक्षरांत, कारण त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. एकदा भरलं की पिनकोडच्या क्रमानं लेबलं आपोआप छापून येणार, आपण फक्त कापायची आणि खळीनं रॅपरवर चिकटवायची. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद. त्यावर एका ओळीत तीन लेबलं. कागद नीट बसलाय की नाही हे बघायला आधी नुसत्या चांदण्यांच्या, म्हणजे ताऱ्यासारख्या त्या खुणेच्या, ओळी छापायच्या, त्या जागच्या जागी आल्या की मग नावं सोडायची. पहिल्या दिवशी माझ्या अर्ध्या चांदण्या एका लेबलावर आणि अर्ध्या दुसऱ्यावर पडल्या. डोक्याला नुसता ताप.

संपादक म्हणाले, सवय होईपर्यंत बंद खणातली कार्डं घ्या. तिथे चुकलं तरी तक्रार करायला कोणी येणार नाही. ते गंभीर माणूस, चेष्टा करत नसत, त्यामुळे मला हसावं की नाही ते कळेना. त्या खणातलं एकही नाव त्यांना टाकायचं नव्हतं. ही माणसं होती म्हणून मासिक उभं राहिलं, त्यांना पुसणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. कंपनीच्या माणसानं मग तोड सांगितली. त्या प्रोग्राममध्ये नाव पुसायचं ते दोनदा. पहिल्यांदा हुकूम दिला की नुसती नावाच्या आधी एक चांदणी लागायची. नाव असायचं तिथेच. दुसरा हुकूम दिला तरच ते खरोखर जायचं. आणि चांदणीवाल्यांना वगळून छाप, असं यंत्राला एकदा सांगून ठेवलं की लेबलं फक्त बाकीच्यांची यायची. संपादकांना हे फार आवडलं. म्हणाले, दुसरा हुकूम कधीच द्यायचा नाही.

बंद खणातल्या त्या कार्डांमध्ये माझ्या काकाचं कार्ड होतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. घाटापलीकडे पेठ गावी शिक्षक होता. काकू नाशकात, पंचवटीत आमच्याकडेच राहायची, कारण पेठला तेव्हा धड काही मिळायचं नाही आणि तिला पावसाळा सोसायचा नाही. काका शनिवारी सकाळची शाळा सुटली की खांद्याला पिशवी अडकवून एसटी धरायचा आणि रात्रीच्या जेवणाला घरी असायचा. मूलबाळ नव्हतं. मला तो फार आवडायचा. पिशवीतून माझ्यासाठी करवंदं, आवळे, काही ना काही निघायचंच. मी शाळेत असताना एका पावसाळ्यातल्या शनिवारी तो शाळेतून निघाला आणि घरी पोचलाच नाही. एसटीत चढताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. दरडीमुळे घाट बंद होता म्हणून तो पायी निघाला असं कोणी म्हणालं, कोणी आणखी काही म्हणालं. वडिलांनी पोलीस केले, घाट पालथा घातला, कितीतरी खेपा मारल्या. शेवटी त्याची ट्रंक आणि अंथरूण घेऊन परत आले. त्यानंतर आमच्यापैकी कोणी पेठला गेलं नाही.

तेव्हापासून काकू शनिवारी रात्री जेवत नसे. विचारलं तर उपास आहे म्हणायची. कसला ते कोणी विचारत नसे. बाकी तिचं सगळं नेहमीसारखं होतं. कुंकू ठसठशीत, मंगळसूत्र रोज रिठ्यानं धुऊन लख्ख.

तर त्याचं कार्ड माझ्या हातात आलं आणि मी नुसती बघत बसले. वडिलांनी अंक बंद करायला सांगितलं म्हणून ते त्या खणात गेलं होतं, एवढंच. पण यंत्राला दोनच गोष्टी कळत होत्या, चांदणी आहे किंवा नाही. हरवलेल्या माणसासाठी खूण नव्हती. खण बंदचा, म्हणून चांदणी पडली. घरी मी कोणाला बोलले नाही.

वर्षभर लेबलं झकास छापून आली. मग एका उन्हाळ्यात यंत्र बिघडलं आणि कंपनीनं दुसरा माणूस धाडला. त्यानं सगळं नव्यानं बसवलं, नावं जशीच्या तशी परत आली, आम्ही हुश्श केलं. पण चांदणीवाल्यांना वगळायचं हे यंत्राला पुन्हा सांगायला हवं होतं, ते त्याला माहीत नव्हतं. त्याला कसं माहीत असणार? दुसऱ्या कुठल्या कचेरीत ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुठल्या कचेरीनं मेलेली माणसं जपून ठेवली नसती. त्या महिन्याचा गठ्ठा मला जरा जाड वाटला होता. रॅपर करणाऱ्या बाई म्हणाल्या, आज खळ कशी पुरली नाही कोण जाणे. त्यांनी आणखी खळ शिजवली, आम्ही सगळं चिकटवलं, आणि टपालात टाकून मोकळ्या झालो.

आठवडाभरानं अंक परत यायला लागले. आधी थोडे, मग पोस्टमन पोतं घेऊनच जिना चढायला लागला. प्रत्येक रॅपरवर त्या त्या गावच्या पोस्टमननं लिहिलेलं. मयत. मालक मयत, परत. घेणार मयत. निळ्या शाईत, लाल शाईत, पेन्सिलीत, वळणदार, किरटं, कसंही. ते अंक लावून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. दिवसभर तो एकच शब्द वाचून वाचून मला तो शब्दच वाटेनासा झाला. खिडकीतून उन्हं यायची, खाली भाजीवाल्यांचा गलका, सायकलींच्या घंट्या, आणि माझ्यासमोर टेबलभर ही माणसं आपापल्या गावांहून परत आलेली. रॅपर करणाऱ्या बाई त्या खोलीत यायच्या बंद झाल्या. मला म्हणाल्या, तू तरी त्यांच्या समोर डबा खाऊ नकोस. मी त्यांना वेड्यात काढलं, आणि डबा जिन्यात बसून खाल्ला.

पत्रंही आली. काहींनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं. पण एका म्हाताऱ्या बाईंनी लिहिलं होतं की, ह्यांच्या नावानं किती दिवसांनी टपाल आलं, दारात पोस्टमननं नाव घेतलं तेव्हा फार बरं वाटलं. ते कार्ड संपादकांनी खिशात ठेवलं आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

चांदणीवाल्यांची यादी काढून, आलेला प्रत्येक अंक मी त्यावर खूण करून घेत होते. होता होता सगळे आले. एक नाही आला. पेठचा.

मी टपालखात्याला दोष देऊन पाहिला. पंधरा दिवस थांबले, महिना थांबले. मग एका रात्री जेवताना सांगून टाकलं, कारण माझ्या पोटात काही राहत नाही. वडील म्हणाले, डोंगरातलं पोस्ट, दिला असेल फेकून कुठे. काकू भात वाढत होती. तिचा हात पातेल्यावर तसाच राहिला. मग तिनं सगळ्यांना वाढलं, ओटा आवरला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, आयुष्यात पहिल्यांदा, ती आमच्या कचेरीचा जिना चढून आली.

संपादकांसमोर ती उभीच राहिली. म्हणाली की, यांचा अंक चालू ठेवा, पेठच्याच पत्त्यावर. संपादकांनी तिच्या कपाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ते आजीव आहेत, बंद केला ही आमची चूक. त्यांनी मला काकाची चांदणी काढायला लावली. काकू माझ्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. मी दोन कळा दाबल्या आणि चांदणी गेली. एवढंच का, असं तिनं मला विचारलं.

त्यानंतर वर्षभराहून जास्त, दर महिन्याला पेठचा अंक जायचा आणि परत यायचा नाही. मी घरी आले की काकू फक्त बघायची. मी नाही अशी मान हलवायची. मग ती कामाला लागायची. खरं सांगते, मला त्या बघण्याची भीती वाटायला लागली. तो अंक कोण घेतंय? बारा वर्षांपूर्वी रिकाम्या झालेल्या खोलीच्या पत्त्यावर जाऊन पोस्टमन कोणाच्या हातात देतोय? लेबलं छापताना यंत्र करकर करत पिनकोडच्या क्रमानं पुढे सरकायचं, आणि पेठ जवळ आलं की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहायची. घोडनवरी झाले होते, पण जायची.

घोडनवरी म्हटलं ते उगीच नाही. माझं लग्न जमत आलं होतं आणि तिथेच सगळं अडकलं. काका जाऊन बारा वर्षं होत होती. बारा वर्षं माणसाचा पत्ता नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, सगळे संस्कार करायचे, आणि माणूस गेला असं धरायचं, ही रीत. गुरुजींनी वडिलांना सांगितलं की हे केल्याशिवाय घरात कार्य काढू नका. वडिलांनाही ते पटलं होतं. भाऊ होता त्यांचा, त्यांनाही कुठेतरी त्याचं सगळं पुरं करायचं होतं. पण पुतळा जळला की काकूचं कुंकू पुसायचं, मंगळसूत्र उतरायचं. ती म्हणाली, नाही.

वडील काकूशी समोरासमोर फारसं बोलत नसत, धाकट्या भावाची बायको म्हणून. जे काही असेल ते माझ्यामार्फत. त्यामुळे पडवीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून पडवीत मी निरोप्यासारख्या येरझाऱ्या घालत होते. काकूला सांग, असं किती दिवस चालायचं. भावोजींना सांग, अंक परत येऊ दे, मग खुशाल करा. काकूला सांग, पोस्टाच्या भरवशावर घर चालत नाही. भावोजींना सांग, कोणीतरी घेतंय ना तो अंक. आई मधे पडायची नाही, तिला दोघांचीही भीती. माझं सासर होऊ घातलेलं घर तिकडे थांबलेलं. शेवटी भाद्रपदात, पितृपक्ष तोंडावर आल्यावर, माझं डोकं फिरलं. मी काकूला म्हटलं, ऊठ, पेठला जाऊ. कोण घेतंय ते डोळ्यांनी बघू, आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावू.

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. ती लगेच उठली आणि ठेवणीतलं लुगडं काढलं. जाताना तिनं डब्यात पोळीभाजी घेतली. एका माणसापुरती जास्तच घेतली होती. ते बघून मला जोरात रडू आलं आणि रागही आला.

सकाळची एसटी. घाटात धुकं इतकं की ड्रायव्हर पावलापावलानं गाडी नेत होता. काकू खिडकीशी बसली होती आणि रस्त्याच्या कडेकडेनं बघत होती, कोणी चालताना दिसतंय का ते. पेठला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. गाव माझ्या डोक्यात होतं त्यापेक्षा लहान निघालं. पत्ता विचारायची वेळच आली नाही. वडिलांनी इतक्यांदा वर्णन केलं होतं की पाय आपोआप तिकडे वळले. गावाबाहेर उतारावर कुडाचं घर, मागे भातखाचरं, आणि घराला लागून काकाची ती एकदारी खोली.

दाराजवळ गेलो आणि मी काकूचा हात धरला.

दारावर काकाचं नाव होतं. एकाखाली एक, वरपासून खालपर्यंत, मी छापलेली लेबलं. रॅपरवरून सोडवून भाताच्या पेजेनं दाराला चिकटवलेली. वरची पिवळी पडलेली, पावसानं शाई फुटलेली. खालची नवीकोरी. इंग्रजी मोठ्या अक्षरांत तेच नाव, तेच गाव, तोच पिनकोड. यंत्राची शाईची रिबीन जुनी झाली होती तेव्हाची फिकट लेबलं मला ओळखू आली. रिबीन बदलली त्या महिन्याचं ठळक लेबलही ओळखू आलं. मी ज्या ज्या वेळी भिऊन खोलीबाहेर उभी राहिले, त्या प्रत्येक वेळचं नाव इथे येऊन माझी वाट बघत होतं, असं काहीतरी मला वाटलं. दाराला बाहेरून कडी होती. पण उंबरा सारवलेला होता.

घरमालकीण खाचरातून वर आली. डोंगरातली बाई, वयस्कर, काटक, गुडघ्यापर्यंत चिखल. काकूला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. तरी कपाळाकडे बघून म्हणाली, "मास्तरची ना तू?" काकूनं मान हलवली. बाईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. अंक कुठे आहेत असं मी विचारलं. तिनं आतून फडक्यात बांधलेला गठ्ठा आणून दाखवला. सगळे होते. कोणी उघडलेले नव्हते. तिला वाचता येत नव्हतं. पोस्टमन म्हणाला मास्तरांचं टपाल आहे, म्हणून तिनं घेतलं आणि ठेवलं. मला एकदम हायसं वाटलं. म्हटलं, सुटलो. साधी गोष्ट होती. म्हातारीनं अंक ठेवून घेतले, बस.

मग काकूनं विचारलं, नावं दाराला का लावलीत?

"मास्तर येतो ना," ती म्हणाली. "शनवारचा येतो. पिशी खांद्याला असती. वाट सोधतो, घर त्याला गावत नाय. म्हनून नाव लावलं. नाव बघून बसल तरी."

ती हे ज्या आवाजात बोलली तो मला अजून आठवतो. परवा वासरू हरवलं होतं, अशा आवाजात. मी म्हणणार होते, आजी, काय वेड्यासारखं बोलता. भर दुपारचं ऊन होतं, खाचरात बगळे, बाजूला कोंबड्या, आणि मी त्या दाराकडे पाठ करून बसले होते ती उठून दाराकडे तोंड करून बसले.

काकूनं मात्र सरळ विचारलं, जेवतात का?

"नाय," बाई म्हणाली. "ताट ठेवते मी. मास्तर असता तवा माझ्याकडंच जेवायचा, नागलीची भाकर आवडायची. आता ठेवते तर बसतो, बघतो, न् उठून चालाया लागतो. सकाळी ताट तसंच. मुंगी पन लागत नाय."

काकूनं आमचा डबा उघडला, ती जास्तीची पोळीभाजी काढली आणि त्या बाईच्या हातात दिलं. तिच्या पाया पडली. बाई मागे सरकली, तिला ते चमत्कारिक वाटलं असावं. निघताना काकूनं दारावरच्या सगळ्यात खालच्या लेबलावरून एकदा हात फिरवला.

परतीच्या एसटीत मला वाटत होतं, ही आता म्हणेल, बघ, येतात ते, आहेत. आता जन्मभर अंक पाठवत बसायचं. माझं लग्न गेलं खड्ड्यात. घाट संपून गाडी सपाटीला लागली तेव्हा ती बोलली.

"गुरुजींना विचार, पितृपक्षात कधीचा दिवस मिळतो," ती म्हणाली. "मी आपली माझं कुंकू धरून बसले. माणूस बारा वर्षं उपाशी फिरतोय गं."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून नाशिक येईपर्यंत रडले. ती नाही रडली.

सगळं रीतीप्रमाणे झालं. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पळसाच्या पानांचा पुतळा केला. बघायला नको वाटत होतं, पण डोळे तिकडेच जात होते. पानांना माणसाचा आकार आला तसे वडील एकदम खाली बसले. अग्नी दिला. पुढच्या दिवसांचे विधी झाले, पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. समोरच्या देवळाच्या कळसावर पाचपन्नास कावळे बसलेले, बाजूच्या लोकांच्या पानांवर तुटून पडत होते, आमच्याकडे एक फिरकेना. वडिलांनी हात जोडले. काळजी करू नकोस, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार नाही, असं मोठ्यानं म्हणाले. मीही मनात काय काय म्हटलं. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. शास्त्रात चालतं म्हणे.

काकूच्या मनातून ते जाईना. कपाळ मोकळं झालं, गळा मोकळा झाला, त्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मात्र दिवसातून एकदा तरी मला एकटीला गाठून हळूच विचारायची, जेवले असतील का गं? मी काय सांगणार? असतील, म्हणायची. तिचा विश्वास बसायचा नाही, कारण माझाही बसत नव्हता. शनिवारची रात्र आली की ती पूर्वीसारखीच न जेवता झोपायची. मग मला वाटायचं, आपण तिचं कुंकूही घालवलं आणि पदरात काहीच नाही पडलं. असा माझा जळफळाट व्हायचा की विचारू नका.

या सगळ्या धांदलीत काकाच्या नावाला चांदणी लावायची राहूनच गेली होती. मुद्दाम नाही, लक्षातच आलं नाही. त्यामुळे दिवाळीच्या आधीच्या अंकाचं त्याचं लेबल इतरांबरोबर छापलं गेलं, चिकटवलं गेलं आणि पेठला गेलं. पेठच्या बाईला आम्ही काही कळवलं नव्हतं. कळवणार कोण, आणि तिला पत्र वाचून दाखवणार कोण?

काही दिवसांनी पोस्टमन आला. त्याच्या हातात एकच परत आलेला अंक होता. त्यानं तो माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. मी लेबल बघितलं. मग वर पेठच्या पोस्टमननं लिहिलेलं वाचलं, आणि पर्स उचलून, संपादकांना न सांगताच, घरची वाट धरली.

काकू ओट्याशी होती. मी अंक तिच्यापुढे धरला. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. रॅपरवर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'मास्तर आता येत नाहीत असे घरमालकीण सांगते. अंक घेत नाही. परत.'

तिनं ते पुन्हा एकदा वाचलं. बोट ठेवून, एकेक शब्द.

"जेवले," ती म्हणाली.

अंक तिनं फळीवर ठेवला. बाहेर दिवेलागण होत होती. शनिवार होता. काकूनं दोन पाट मांडले, दोन ताटं घेतली, आणि मला म्हणाली, ये, गरम आहे तोवर बसू.